रोडगे खाल्ल्यावर दुखायचं नसतं

माझी मुलगी बरी झाली ही बातमी तिचे गुडघे सोडून सगळ्यांना कळली होती. अमरावतीबाहेर, भातकुलीच्या वाटेवर आमचा मळा होता. तिथं विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत गोवऱ्या रचल्या, आर पाडला आणि त्यात रोडगे भाजले. आमच्या वऱ्हाडात देवीचा नवस फेडायचा म्हणजे रोडग्यांचं जेवण घालायचं. जाडसर कणकेचे गोळे निखाऱ्यात पुरायचे, भाजले की राख झटकायची, फोडून वर तूप ओतायचं, सोबत पातळ वरण आणि वांग्याची भाजी. अख्खं गाव जेवलं. जेवता जेवता प्रत्येकानं पोरीला जवळ बोलावलं, तिचा गुडघा दाबून पाहिला, ‘झाली बापा चांगली’ म्हटलं आणि आणखी एक रोडगा मागून घेतला. इतकी कसून तपासणी सरकारी दवाखान्यातसुद्धा झाली नव्हती.

नवस माझ्या सासूबाईंनी बोलला होता. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आमच्या घरात नवस बोलण्याचा मक्ता त्यांचा आणि फेडण्याच्या दिवशी चुलीशी बसण्याचा मक्ता माझा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मुलूख म्हणे निजामाचा, राज्य इंग्रजांचं आणि हुकूम यायचा नागपुरातून. लोकांना हे मोठं अवघड वाटायचं. मला कधी वाटलं नाही, कारण आमचं घरही असंच चालायचं. पोर माझी, दुखणं तिचं आणि हुकूम आत्याबाईंचा.

दुखणं सुरू झालं तेव्हा ती सात वर्षांची होती. एका सकाळी तिला तांब्या धरता येईना. मनगटं सुजली, मग गुडघे, मग घोटे. संध्याकाळी अंगात कणकण असायची. निदान करायला माणसं कमी पडली नाहीत. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं वारं गेलं अंगावरून. आत्याबाईंचं निदान सगळ्यांत पक्कं होतं. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, अकोल्याला गेले होते, तिथं मी दही खाल्लं असणार, आणि ते दही पोरीच्या सांध्यात सात वर्षं दबा धरून बसलं असणार. माझ्या माहेरच्या दह्यात एवढा दम असता तर माझे भाऊ भाजी विकत बसले नसते.

मग उपचार. निरगुडीचा पाला, एरंडाची पानं, तिळाचं तेल. बिब्ब्याचे डाग दिले, ते फोड मात्र चांगले पिकले. वैद्यांनी वांगी बंद केली, वांगं वातुळ म्हणून. आमच्या मळ्यात त्या साली वांग्याशिवाय काही धड आलं नव्हतं. बाकीचं घर दोन्ही वेळा वांगी खात होतं आणि पोर माझी बाजूला बसून मुगाचं वरण गिळत होती. शेवटी मी हट्टाला पेटले आणि तिला बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर शहरी मराठी बोलणारे, किरकोळ अंगाचे गृहस्थ होते. त्यांनी कडू पांढऱ्या पुड्या दिल्या आणि मागं लागून लागून बोटं, मनगटं, गुडघे हलवायला शिकवलं. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणि सूज हळूहळू उतरली. पोर चालायला लागली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं.

“बाई, सूज गेली म्हणजे आजार गेला असं समजू नका. तो दबलाय. अधूनमधून दुखणारच. सूज दिसणार नाही, ताप येणार नाही, तरी दुखेल. मुलगी दुखतं म्हणाली की खरं मानायचं. शेकायचं, पुडी द्यायची, आणि बरं वाटलं की खेळायला सोडायचं.”

मी हे घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “दाक्तर असाच बोलते. पोट्टी चांगली झाली म्हनन तं त्याच्याकडं जाईन कोन?” आणि त्याच आठवड्यात त्यांनी गोवऱ्या थापायला घेतल्या.

तर असे ते रोडगे. पुड्या डॉक्टरांच्या, शेक माझा, सोसणं पोरीचं, आणि जेवणाच्या दिवशी नाव निघालं देवीचं आणि आत्याबाईंचं. देवीबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती बिचारी स्वतःहून काही बोलली नव्हती. त्या दिवशी पोरीला मळ्यापासून देवळापर्यंत अनवाणी चालवत नेलं, कारण नवसाचे शब्दच तसे होते, ‘पोट्टी आपल्या पायानं चालून येईन’. देऊळ काही लांब नव्हतं, पण चैत्र होता आणि वाट धुळीची, खड्ड्यांची. पोर सगळा वेळ हसत होती. परत आल्यावर तिच्या पानात वांग्याची भाजी वाढली, पोर खरोखर बरी झाली याचा पुरावा म्हणून. तीही तिनं हसत खाल्ली. बायका म्हणाल्या, पोरीच्या तोंडावर तेज आलं. मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी घराला कायदा सांगितला. “आता ह्या घरात त्या दुखन्याचं नाव काढाचं नाई. फेडलेल्या नवसाचं दुखनं तोंडावर आनलं का देवीले राग येते. म्हनते, मायं जेवन करून मोकये झाले अन् वरून तक्रार करून राहिले.”

म्हणजे देवीनं दोन वर्षं ऐकलं नाही तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं, आणि आता मात्र आमच्या माजघरातलं कण्हणं तिला पाऊण कोसावर ऐकू जाणार होतं. मी हे बोलून दाखवलं. त्या दिवशी मला संध्याकाळपर्यंत कोणी जेवायला बोलावलं नाही.

कायदा पोरीपुरता होता. आत्याबाईंना स्वतःच्या गुडघ्यांचं मोकळं रान होतं. आमच्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात, आणि आत्याबाईंचे टोंगळे म्हणजे घरातली कोंबडा आरवण्याआधीची सोय होती. अंथरुणातून उठताना ‘आई वं’, बसताना ‘मेलो वं माय’, चुलीकडं वळताना ‘टोंगळे गेले माये’. दुपारचं जेवण होईपर्यंत हे चालायचं. त्यात खोटं काही नव्हतं, त्यांचे गुडघे खरंच दुखायचे. आयुष्यभर वाफ्यांत उकिडवं बसून त्यांनी खुरपलं होतं. त्या कण्हल्या की शेजारीण विचारायची, सून शेकून द्यायची, मुलगा तेल आणायचा. मला फक्त एवढंच वाटायचं की या मंगलप्रहरी थोडी जागा दुसऱ्याही कोणाला मिळावी.

कारण पोरीचं दुखणं परत आलं होतं. पावसाळा सरता सरता मला कळलं. तिनं सांगितलं नाही, मी पाहिलं. सकाळी ती खाटेच्या काठावर पाय खाली सोडून बसायची आणि बसूनच राहायची. विचारलं की म्हणायची, “झोप येऊन राहिली.” डोळे मात्र टक्क उघडे. मांडी घालून जेवायचं तिनं सोडलं, भिंतीला टेकून उभ्यानं खायची. आत्याबाई म्हणायच्या, “पाह्य बरं, पोट्टी घोडीवानी उभ्यानं खाते.” पाण्याचा पेला दोन्ही तळहातांत धरायची. वेणी घालायला बसली की मान पुढं न्यायची, म्हणजे हात वर करावा लागू नये. दुपारी ऊन वाढलं की हळूहळू मोकळी व्हायची आणि संध्याकाळी वाफ्यांच्या बांधांवरून अशी पळायची की सकाळची पोर ती हीच का असं वाटावं. त्यामुळं तर आणखीच पंचाईत. संध्याकाळी पळते ती सकाळी दुखतं कशी म्हणेल?

मी एकदा शेजारणीजवळ बोलून गेले. तिनं पोरीला बोलावलं, परकर वर करून दोन्ही गुडघे पाहिले आणि विचारलं, “सूज कोठी हाये? दाखव.” पोरीकडं दाखवायला काही नव्हतं. शेजारणीनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच घरात बसून दुखणी शिवत असते. ती रोडग्यांना होती. चांगले चार खाल्ले होते तिनं.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगून पाहिलं. माणूस वाईट नाही. पण आई आणि बायको एका खोलीत आल्या की ह्यांना हटकून मोटेचा नाडा तुटल्याचं आठवायचं. त्या वर्षी तो नाडा किती वेळा तुटला याला सुमार नाही. ऐकून घेतलं, मान हलवली आणि विहिरीकडं गेले.

मग मी चोरी सुरू केली. पुडी गुळात मिसळून द्यायची. शेकासाठी वाळू तव्यावर तापवून फडक्यात पुरचुंडी बांधायची, ती आत्याबाईंच्या नावानं. नाव त्यांचं, पण गरम असताना ती आधी पोरीच्या गोधडीखाली जायची. तिचे घोटे, गुडघे, मनगटं झाली की मग आत्याबाईंकडं. त्या रोज म्हणायच्या, “काहून वं, तुयी वाळू तापतच नाई का?” मी म्हणायची, ओली असेल. आपल्या पोरीला शेकायचं तर सासूच्या गुडघ्यांच्या नावावर शेकायचं, अशी आमची रीत झाली. मला त्या दिवसांत इतका राग यायचा की भाकरी थापताना हाताचा आवाज माजघरात ऐकू जायचा. पण सगळ्यांत जास्त राग यायचा तो पोरीचा. मी गोधडीखाली हात घालून हळूच विचारायची, दुखतं का ग? ती मान हलवून नाही म्हणायची. मी शेकत असायची आणि ती नाही म्हणत असायची.

थंडीत माझ्या भावाच्या मुलाचं बारसं निघालं आणि मी पोरीला घेऊन अकोल्याला गेले. माहेरचं कोणी रोडग्यांना आलं नव्हतं. आमंत्रण वाटेनं जाणाऱ्या एका माणसाच्या तोंडी पाठवलं होतं, आमच्याकडून बोलवायला स्वतः कोणी गेलं नाही, म्हणून भाऊ रुसला होता. मानपानानं आजवर अनेकांचं वाटोळं केलं असेल, पण त्याचे माझ्यावर मोठे उपकार आहेत हे मला पुढं कळलं.

बडनेऱ्याला गाडी बदलली, अकोल्याला उतरलो, टांग्यानं मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात आलो. आमचं घर अरुंद बोळात, खाली भावाचं भाजीचं दुकान, वर आम्ही. पोर थकली होती, लगेच झोपली. सकाळी मी आईजवळ बसून मेथी निवडत होते आणि आतून पोरीची हाक आली, चांगली खणखणीत.

“माय, मले दुखून राहिलं वं.”

माझ्या हातातली जुडी खाली पडली. वर्ष होत आलं होतं तो शब्द तिच्या तोंडून ऐकून. आत गेले तर ती गोधडीत पाय पसरून निवांत पडली होती. “कुठं ग?” म्हटलं. तिनं यादीच सांगितली. हा टोंगळा, तोही टोंगळा, पण हा जास्ती, मनगट, अन् ही दोन बोटं. माझी आई तेलाची वाटी घेऊन आली, शेजारी बसली, आणि तिनं एवढंच विचारलं, “कोठून लावू माय?” सूज तिनं पाहिली नाही. पोर दुखतं म्हणाली म्हणजे दुखतं, यापलीकडं माझ्या आईला वैद्यकी येत नव्हती.

पुढचे दिवस पोरीनं नुसती चैन केली. सकाळी उठली की दुखते, बसली की दुखते, जिन्यावरून उतरताना मामाच्या पाठीवर बसून दुखते. दुखणं अमरावतीत होतं तेवढंच होतं, उलट थंडीनं थोडं वाढलंच असेल. पण ती हसत होती, मांडी न घालता पाय पसरून बसत होती, गरम वाळू मागून घेत होती. भाऊ म्हणाला, “पोट्टी भल्ली तक्रारखोर हाये तुयी.” मला त्याच्या तोंडात साखर घालावीशी वाटली.

निघायच्या आदल्या दिवशी तिच्या पायांना तेल लावताना मी विचारलं, “मग तिकडं का नाही सांगत? मी तर रोज विचारते.”

“तिकडच्यायनं रोडगे खाल्ले ना,” ती म्हणाली. “इथल्यायनं नाई खाल्ले.”

मला वाटलं आजीचा कायदा तिनं पाठ केलाय, देवीच्या रागाला भिते आहे. तेवढंच मला समजलं आणि तेवढ्यावर मी थांबले. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला फलाटावर ती लंगडत होती. विचारलं, “दुखतं का ग?” म्हणाली, “नाई.” अजून अमरावती आली नव्हती, पण माहेर मागं पडलं होतं.

घरी आल्यावर मी आत्याबाईंना स्पष्ट सांगितलं की पोर अकोल्यात रोज दुखतं म्हणत होती. त्या म्हणाल्या, “अकोल्याचं पानीच खराब.” तिथं विषय संपला. ह्यांचा नाडा तुटला.

आणि चैत्र आला. नवसाला एक शेपूट होतं, ते मला वर्षभरानं कळलं. रोडग्यांचं जेवण एकदाच, पण पोरगी दर चैत्रात त्याच दिवशी अनवाणी चालत येऊन देवीची ओटी भरेल, असंही आत्याबाई बोलून बसल्या होत्या. चांगल्या मनानंच बोलल्या असतील. पोर अंथरुणाला खिळलेली असताना तिनं दरवर्षी चालत यावं याहून मोठं आजी काय मागणार? पण नवस बोलणाऱ्याला बोलताना कधी आपले पाय लावावे लागत नाहीत.

त्या आठवड्यात पोरीचं दुखणं जोरात होतं. माझ्या लेखी जोरात, घराच्या लेखी नव्हतंच. मी म्हटलं, बंडी जोडू, देवळाजवळ उतरवू.

“बंडीत बसून गेली तं देवी म्हनन, पाय दिले थे कोनाले?” आत्याबाई म्हणाल्या.

“म्हणू द्या. मी उत्तर देईन तिला.”

“तू तं देशीनच. तुयी जीभ हायेच लंबी.”

पोर दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “मी चालतो ना माय.” आमच्याकडे पोरीही ‘चालतो’ म्हणतात. तिनं ते अशा काही समजूतदारपणानं म्हटलं की मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. ताट उचललं आणि निघाले.

सकाळची वेळ, म्हणजे तिची सगळ्यांत वाईट वेळ. पुढं ती आणि आत्याबाई, मागं मी ओटीचं ताट घेऊन, मागं शेजारपाजारच्या बायका. हेही होते, मोटेचा नाडा घरी ठेवून. थोडी वाट गेल्यावर तिची चाल बदलली. पाय उचलत नव्हती, सरकवत होती. बाभळीच्या झाडाशी आली आणि धुळीत बसली.

“काय झालं वं?” आत्याबाईंनी विचारलं.

“काटा गेला,” ती म्हणाली.

आणि मग जी काय माया उतू गेली ती पाहण्यासारखी होती. वर्षभर त्या पायांकडं कोणी बघितलं नव्हतं, काटा म्हटल्याबरोबर सगळा जथा भोवती जमला. काट्याला परवानगी होती. एक बाई म्हणाली रुईचा चीक लावा, काटा वर येतो. दुसरी म्हणाली गुळाचा चटका द्या. आत्याबाई ‘आई वं, टोंगळे गेले’ करत धुळीत बसल्या, पोरीचा पाय मांडीवर घेतला, बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि काटा शोधू लागल्या. सापडेना. तळवा थुंकीनं पुसला, पुन्हा पाहिलं. “कोठी हाये?” पोरीनं बोट दाखवलं. तिथं टोचून पाहिलं. नव्हता. “दुसऱ्या पायात असन,” पोर म्हणाली. दुसरा पाय घेतला. त्यातही टोचलं. रक्ताचा एक ठिपका आला. पोर हूं की चूं करेना, फक्त तिची हनुवटी हलत होती.

माझ्याच्यानं राहवलं नाही. ताट खाली ठेवलं आणि आत्याबाईंचा हात धरला. सासूचा हात धरायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ.

“पिन ठेवा, आत्याबाई. काटा नाही तिच्या पायात.”

“मंग कायचं बसनं?” त्यांनी माझ्याकडं नाही, पोरीकडं पाहिलं. “काहून वं? खोटं काहून बोल्ली?”

 पोरीनं उलट आजीलाच विचारलं, भांडणाच्या नाही, खरोखर जाणून घ्यायच्या आवाजात.

“आजी, तुये टोंगळे दुखतात तं तू म्हनते ना? तुयासाठी कोनी नवस नाई बोललं, म्हनून तुले चालते का?”

पोरीनं पाय आजीच्या मांडीवरून ओढून घेतले.

“मंग मायासाठी काहून बोल्ली तू? नसती बोल्ली तं मले बी म्हनता आलं असतं.” आता तिला रडू फुटलं. “त्या दिवशी बी दुखत होतं. रोडग्याच्या दिवशी. येता बी अन् जाता बी. तुमी सारे जेवून राहिल्ते, म्हनून नाई सांगतलं.”

मला तो दिवस आठवला, तिचं हसू, बायकांनी पाहिलेलं ते तेज. सगळं गाव तिचे गुडघे दाबत होतं तेव्हा ते दुखत होते, आणि गावाचं जेवण नासू नये म्हणून आठ-नऊ वर्षांची पोर हसत होती. अकोल्यात ती मला हेच सांगत होती. ती नुसती देवीला भीत नव्हती, तिला आमची लाज राखायची होती. मी तिथंच धुळीत बसले आणि रडले. मला त्याची लाज वाटली नाही.

आत्याबाई पिन परत बांगडीला अडकवायला लागल्या. ती काही केल्या अडकेना. त्यांच्या बोटांनाही वर्षानुवर्षांचं दुखणं होतं, पण ते कारण नव्हतं. शेवटी त्यांनी पिन धुळीत टाकून दिली आणि पोरीचे दोन्ही पाय पुन्हा मांडीवर घेतले. तळवे सोडून गुडघ्यांवर हात ठेवला. दाबून पाहिलं नाही, नुसता ठेवला.

“दुखते का?”

पोरीनं देवळाच्या दिशेनं पाहिलं. हळू आवाजात म्हणाली, “देवी ऐकन ना.”

“ऐकू दे. फुकट नाई ऐकत, रोडगे खाल्ले तिनं. मोठ्यानं म्हन.”

“दुखते,” पोर म्हणाली.

“मोठ्यानं.”

पोरीनं असा सूर लावला की पलीकडच्या शेतात औत धरणारा माणूस थांबून बघू लागला. रोडगे खाल्लेल्या बायका इकडंतिकडं पाहत पदर सारखे करू लागल्या. आत्याबाईंनी मुलाकडं मान वळवली. “उभा काहून हायेस? बंडी आन.” त्या दिवशी ह्यांना काहीही आठवलं नाही, हे पळतच गेले.

बंडीत आजी आणि नात शेजारी शेजारी पाय पसरून बसल्या. खड्डा आला की आजी ‘आई वं’ म्हणायची, पाठोपाठ नात म्हणायची. नंतर नंतर नात आधी म्हणायला लागली.

देवळासमोर बंडी थांबली तेव्हा मी पोरीला उतरवायला हात पुढं केले. आत्याबाई म्हणाल्या, “राहू दे तिले.” माझ्या हातातलं ताट घेतलं आणि एकट्या आत गेल्या. ओटी भरली, कुंकू लावलं, हात जोडले. मी उंबऱ्याशी उभी होते. त्या देवीशी बोलत होत्या तो आवाज शेजारणीशी बोलतानाचाच होता.

“पोट्टी बाहेर बंडीत हाये. टोंगळे दुखतात तिचे. तुले पाहाचं असन तं तू बाहेर ये.”